दर पावसाळ्यात वाडीत लेप्टो परत का येतो? उंदीर मारूनही न सुटणारा प्रश्न

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या भातशेतीच्या गावांत हे ओळखीचं झालंय. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, आणि लावणी आटपता आटपता वाडीतल्या कुणाला तरी थंडी वाजून ताप भरतो. पोटऱ्या इतक्या दुखतात की माणसाला उठून उभं राहवत नाही. डोळे लाल होतात. मग रक्ततपासणी, ‘लेप्टो निघाला’ (म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) ही बातमी, आशाताईंची घरोघर फेरी आणि दुकानात उंदराच्या औषधाच्या पुड्यांना मागणी. काही दिवसांत सगळं शांत होतं. कापणीच्या सुमारास पुन्हा एखादा रुग्ण निघतो. पुढच्या मृगाला पुन्हा पहिल्यापासून.

लोक विचारतात ते असं: “आम्ही औषध टाकतो, मेलेले उंदीर डोळ्यांनी बघतो, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो. तरी ताप येतोच. चुकतंय कुठे?”

औषध चुकीच्या महिन्यात पडतं. ते एकेका घरापुरतं पडतं. विहीर स्वच्छ होते, पण लेप्टो बहुतेक वेळा विहिरीतून येतच नाही. तो शेतातल्या पाण्यातून, पायाच्या फुटलेल्या कातडीतून अंगात शिरतो. आणि माझ्या मते सगळ्यांत घातक गोष्ट ही, की ताप आलेला माणूस डॉक्टरसमोर बसतो आणि चिखलात काम केल्याचं सांगतच नाही. पहिल्या तीन गोष्टी सुधारल्या तर रुग्ण कमी होतील. चौथी सुधारली तर माणूस वाचेल. घाई असेल त्यांनी तापाचा भाग आधी वाचावा.

आधी हा लेप्टोच आहे ना?

उंदीर आणि ताप हे दोन शब्द एकत्र आले की आपण सरसकट लेप्टो म्हणतो. रानातल्या आणि शेतातल्या उंदरांशी जोडलेले निदान तीन ताप महाराष्ट्रात आहेत, आणि तिघांचे उपाय वेगळे. महिना बघितला तरी बरंच कळतं.

जून ते ऑक्टोबर, पाण्यात-चिखलात काम झालेलं, पोटऱ्या आणि कंबर ठणकतात, डोळे लाल पण चिपडं नाहीत, तर लेप्टोचा संशय पहिला.

पावसाळ्याचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरचे दिवस, गवतात-झुडपांत वावर झालेला, आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली कुठेतरी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली सापडली, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. ही खपली दुखत नाही, त्यामुळे शोधल्याशिवाय दिसत नाही. उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या बारीक कोळीवर्गीय किड्याची पिल्लं माणसाला चावतात, त्यातून हा होतो. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात त्याने बराच त्रास दिला होता.

डिसेंबर ते मे, काजूच्या बागेत किंवा जंगलात जाणं झालेलं, आसपास माकडं मरून पडलेली, तर तो माकडताप. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली त्याची साथ आली. हा गोचिडींमार्फत पसरतो. माकड मेलेलं दिसतं म्हणून दोष माकडावर जातो, पण या गोचिडींची लहान पिल्लं रानातल्या उंदरांवर, घुशींवर पोसली जातात. तिथे वाडीत उंदराचं औषध टाकून काही साधत नाही. अंगाला गोचीड चिकटू न देणं हाच उपाय.

पुढे लिहितोय ते लेप्टोबद्दल.

जंतू कुठे राहतो हे कळलं की अर्धी उकल होते

लेप्टोस्पायरा हा पीळ दिलेल्या बारीक धाग्यासारखा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात घर करून राहतो. उंदीर आजारी पडत नाही. तो नेहमीसारखा खातो, पळतो, पिल्लं देतो आणि महिनोन्‌महिने लघवीतून जंतू टाकत राहतो. म्हणून ‘आमच्याकडचे उंदीर धडधाकट आहेत’ या बोलण्याला अर्थ नाही.

लघवी कोरड्या जमिनीवर पडली आणि ऊन लागलं तर जंतू लवकर मरतो. पण तीच ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात, गोठ्यामागच्या चिखलात पडली तर तो कित्येक आठवडे तग धरतो. कोकणात जून ते सप्टेंबर जमीन वाळतच नाही. उन्हाळाभर बिळांत साठलेली घाण पहिल्या मोठ्या पावसात वर येते आणि बांधावरून मळ्यात उतरते. आपण नेमके त्याच वेळी अनवाणी, ओणव्याने, तरवा (भाताची रोपं) लावायला त्यात उभे असतो.

माणसाच्या अंगात शिरायला जंतूला जखम हवी असते, किंवा डोळे, नाक, तोंड यांची मऊ कातडी. धडधाकट कोरड्या कातडीतून तो सहजी जात नाही. पण दिवसभर पाण्यात भिजून पांढरी पडलेली, बोटांच्या बेचक्यात चिखल्यांनी फुटलेली कातडी त्याला अडवू शकत नाही.

भातशेतीशी या रोगाचं नातं फार जुनं आहे. आडॉल्फ वाइल या जर्मन डॉक्टरने १८८६ साली ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड अशा एकत्र लक्षणांचं वर्णन केलं. जंतू मात्र जपानमध्ये सापडला, १९१५च्या सुमारास. पाणी भरलेल्या कोळशाच्या खाणींतले कामगार आजारी पडत होते. इनाडा आणि इडो या डॉक्टरांनी जंतू ओळखला आणि पुढे उंदीर तो वाहतो हेही तिथेच दाखवलं गेलं. जपानी शेतकरी मात्र कापणीच्या दिवसांत येणाऱ्या अशाच तापाला त्याआधीपासून ‘शरदातला ताप’ म्हणून ओळखत होते. आपल्याकडे कापणीच्या वेळी रुग्णांची दुसरी लाट दिसते ती याच जातीची.

आणखी एक गोष्ट विसरू नये. गुरं, डुकरं, कुत्रे यांच्या लघवीतूनही लेप्टोचे जंतू पडू शकतात. त्यामुळे उद्या वाडीतला शेवटचा उंदीर संपला तरी गोठ्यातलं पाणी बाकी राहतंच.

“औषध टाकलं, उंदीर मेले, पुन्हा आले”

भाताच्या बांधात बिळं करणारा मुख्य उंदीर लहान घुशीच्या जातीचा. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो आणि बऱ्याचदा आतून तोंड मातीने बुजवलेलं असतं. बिळात तो लोंब्या साठवतो. मादी तीन आठवड्यांच्या आसपास विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज होतात, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः प्रजननाला तयार होतात. पीक पोटरीत आलं (लोंबी बाहेर पडायच्या बेतात आली) की खाणं मुबलक होतं, तेव्हा त्यांची संख्या झपाट्याने वाढते. तुम्ही एकट्याने आपल्या दोन वाफ्यांतले उंदीर मारले तर शेजारच्या बांधावरचे रिकाम्या बिळांत येऊन राहतात. बीळ तयार, खाणं तयार, भांडायला जुना मालक नाही. काही आठवड्यांत तुमच्या बांधावर पुन्हा तेवढेच उंदीर.

ऑगस्टमध्ये औषध टाकायचं हा आणखी मोठा गोंधळ. तेव्हा शेतात हिरवं खाणं भरपूर असतं, म्हणून उंदीर आमिषाकडे वळत नाही. पाऊस आमिष भिजवतो. झिंक फॉस्फाईड ओलाव्याने निकामी होत जातं आणि त्यातून निघणारा फॉस्फीन वायू विषारी असतो, हा धोका वेगळाच. शिवाय उंदीर नवं खाणं आधी थोडंसं चाखतो. चाखून पोटात दुखलं पण मेला नाही, तर तो पुढे बराच काळ त्या आमिषाला तोंड लावत नाही. ‘या वर्षी औषध भेसळीचं आहे, उंदीर खातच नाहीत’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

योग्य वेळ मे महिन्याचा उत्तरार्ध, पहिला पाऊस पडण्याआधी. शेतात खायला काही नसतं, बांध उघडे असतात, बिळं दिसतात, आणि उंदरांची संख्या वर्षातली सगळ्यांत कमी असते. दुसरी वेळ पीक पोटरीत येण्याआधी, पावसाने उघडीप दिल्यावर. दोन्ही वेळा सगळ्या वाडीने, जमलं तर शेजारच्या वाडीनेही, त्याच दोन-चार दिवसांत करायचं. ग्रामपंचायत आणि कृषी सहाय्यक यांना एप्रिलमध्येच सांगून ठेवलं तर आमिषाचं साहित्य आणि माणसं दोन्ही वेळेवर मिळतात. एकट्याने मे महिन्यात केलेल्या कामापेक्षा सगळ्यांनी मिळून केलेलं काम कितीतरी जास्त टिकतं, म्हणून वाडीची बैठक घ्यायला लागणारा त्रास सोसावा.

कामाची रीत अशी. पहिल्या दिवशी दिसतील तेवढी सगळी बिळं मातीने बंद करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळं. खूण म्हणून तिथे काठी रोवा. पुढचे दोन-तीन दिवस त्यांत विष न घातलेलं, तेल लावलेलं भरड धान्य कागदाच्या पुडीत ठेवायचं, म्हणजे उंदीर निर्धास्त होतो. मग त्याच धान्याचे ९६ भाग, गोडं तेल २ भाग आणि झिंक फॉस्फाईड २ भाग असं मिश्रण काठीने ढवळून, पुडी बिळात आत सरकवून तोंड मातीने लिंपायचं. उघड्यावर एकही पुडी ठेवायची नाही. हातात मोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याकडे पाठ, मिसळायचं भांडं नंतर स्वयंपाकघरात न्यायचं नाही. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. घरात मूल असेल तर उरलेलं विष माळ्यावर ‘पुढच्या वर्षाला’ ठेवण्यापेक्षा कृषी सहाय्यकाकडे परत द्या.

यातून सुटलेल्या उंदरांसाठी आठवड्यानंतर पुन्हा बिळं बुजवून बघायची आणि जी उघडतील त्यांत ब्रोमॅडिओलोनची ०.००५ टक्क्यांची वडी ठेवायची. हे औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे त्याला आमिषाचा संशय येत नाही. पहिल्या दोन दिवसांत एकही मेलेला दिसला नाही म्हणून ‘काम करत नाही’ असं ठरवू नका. याच्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण कुत्र्या-मांजराने किंवा मुलाने खाल्लं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. ती यकृत जाळते, तिच्यावर उतारा नाही, आणि ती खाऊन माणसं गेली आहेत.

मेलेला उंदीर हाताने उचलायचा नाही. पिशवी उलटी करून हातात घालायची, उंदीर पकडून पिशवी सुलटी करायची, आणि विहिरीपासून, व्हाळापासून (ओढ्यापासून) लांब दोन-तीन फूट खोल पुरायचं. व्हाळात फेकलेला उंदीर खालच्या वाडीच्या पाण्यात जातो. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर बादलीत बुडवणारे लोक त्याच बादलीने नंतर पाणी शेंदतात. ती बादली निदान वेगळी ठेवा. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला उंदीर घाबरून तिथेच मुततो आणि जो तो उचलतो त्याच्या हाताला ते लागतं, म्हणून ते पुठ्ठे मला पटत नाहीत.

धामण दिसली तर मारू नका, एवढी हात जोडून विनंती. ती बिनविषारी आहे, ती बिळात शिरते, आणि बिळात औषधाची पुडी जिथे पोचत नाही तिथे ती पोचते. शेतात उंच काठ्यांना आडव्या फळ्या ठोकून पक्ष्यांना बसायला जागा केली तर रात्री घुबडं बसतात. गव्हाणी घुबडाचं मुख्य खाणं उंदीरच.

घरातल्या उंदरांचं काय

मंगळुरी कौलांच्या घरात माळ्यावर, वाशांवर फिरणारा काळा उंदीर वेगळा. तो माडावर चढून कोवळे नारळही पोखरतो. माडाच्या बुंध्याला जमिनीपासून साधारण दोन मीटर उंचीवर हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर तो चढत नाही, अट एवढीच की शेजारच्या झाडाच्या फांद्या झावळ्यांना लागत नसाव्यात. घरात येणाऱ्या वाटा बुजवायला नुसता चिखल किंवा थर्माकोल कामाचा नाही. अर्ध्या इंचाच्या भोकातून उंदीर आणि त्याच्याही निम्म्या भोकातून छोटी उंदरी जाते, तेव्हा पाव इंचाची लोखंडी जाळी आणि सिमेंट लागतं. तांदूळ पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात ठेवा. गुरांचं खाणं रात्री उघडं ठेवू नका.

लेंड्या कोरड्या झाडूने झाडायच्या नाहीत. ताज्या टीसीएल पावडरचं पाणी, लिटरला साधारण ३० ग्रॅम, आधी शिंपडायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. त्यात ॲसिड किंवा संडास धुण्याचं द्रावण मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

चिखल्या

लेप्टोच्या माहितीपत्रकांत ‘गमबूट घाला’ असं लिहिलेलं असतं. ज्याने ते लिहिलं त्याचा हेतू चांगला आहे, पण चिखलणी केलेल्या मळ्यात गमबूट घालून तरवा लावता येत नाही. बूट चिखलात रुततो आणि पाय बाहेर येतो. बांधबंदिस्ती, गोठा साफ करणं, शेणखत वाहणं, गटार उपसणं, कापणीच्या वेळी ओल्या शेतात फिरणं या कामांना बूट चालतात आणि तिथे ते घालायलाच हवेत. लावणीसाठी वेगळा विचार करावा लागतो.

पायाला उघडी जखम आहे त्याला लावणीत उतरवू नका. हे ऐकायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण मजूर मिळत नाहीत आणि पाऊस थांबत नाही. तरी त्या दिवसापुरतं त्याला तरवा वाहायला, जेवण पोचवायला, बांधावरच्या कामाला ठेवता येतं. लहान जखम असेल तर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावून मगच उतरा. मळ्यातल्या पाण्याने तोंड धुणं आणि चूळ भरणं सोडा. घरून पाण्याची बाटली न्या. डोळ्यांत चिखल उडाला तर स्वच्छ पाण्याने लगेच धुवा.

घरी आल्यावर पाय साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवायचे, आणि बोटांची बेचकी फडक्याने कोरडी करायची. नुसते झटकायचे नाहीत. रात्री चुलीशेजारी पाय शेकण्याची जुन्या माणसांची सवय चांगली होती, कातडी वाळायची. चिखल्यांना मेंदी लावायची पद्धत आहे. लावा, पण कातडी भरून आलेली नसेल तर मेंदीच्या भरवशावर दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरू नका. उपकेंद्रात बुरशीवरचं मलम मिळतं, ते वेळेवर लावलं तर चिखल्या वाढत नाहीत.

बायकांच्या पायांकडे विशेष लक्ष द्या असं मला सांगावंसं वाटतं. लावणीत सगळ्यांत जास्त वेळ त्या ओणव्या असतात, घरी येऊन गोठ्यात त्याच जातात, आणि पायाची जखम सांगायची वेळ येते तेव्हा ‘होईल बरं’ म्हणून गप्प बसणाऱ्याही त्याच.

डॉक्सीसायक्लीन ही गोळी जोखमीच्या भागात लावणीच्या हंगामापुरती आठवड्यातून एकदा, मोठ्या माणसाला २०० मिलिग्रॅम, प्रतिबंधासाठी दिली जाते. ती आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्यायची. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. जेवून, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात कारण पहिल्या गोळीने मळमळलं. त्याचं कारण बहुतेक वेळा उपाशीपोटी घेणं हेच असतं. गोळी घेतली म्हणून जखमेची काळजी सोडायची नाही. ती जोखीम कमी करते, संपवत नाही.

ताप आला. आता काय बोलायचं?

जंतू अंगात गेल्यावर ताप यायला दोन दिवसांपासून महिन्यापर्यंत वेळ लागतो. बऱ्याचदा आठवडा-दोन आठवडे. म्हणजे ताप येतो तेव्हा लावणी संपलेली असते आणि चिखलाची आठवण मागे पडलेली असते. डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: “मी पंधरा दिवसांपूर्वी भातलावणीला पाण्यात होतो, पायाला चिखल्या आहेत.” या एका वाक्याने डॉक्टरच्या विचाराची दिशा बदलते. नाहीतर पावसाळ्यातला ताप म्हणून मलेरिया, डेंगी यांच्याच तपासण्या होतात, आणि त्या कोऱ्या आल्या की ‘व्हायरल’ म्हणून घरी पाठवलं जातं.

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना हे दुप्पट लागू आहे. गावी चार दिवस व्हाळात पोहणं, मळ्यातून फिरणं, गोठ्यात हात लावणं होतं. ताप येतो तो दादरला किंवा डोंबिवलीला परतल्यावर. तिथल्या डॉक्टरला तुम्ही सांगितल्याशिवाय तुमचं गाव दिसत नाही. मुंबईकरांना लेप्टो नवा नाही, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या पुरानंतर शहरात त्याची मोठी साथ आली. पण शहरातला डॉक्टर विचारतो ते ‘तुंबलेल्या पाण्यातून चाललात का’ एवढंच. तुम्ही खरं उत्तर देता, ‘नाही’, आणि विषय तिथेच संपतो.

पोटऱ्या दुखतात म्हणून दुखण्याचं इंजेक्शन घेऊ नका. डायक्लोफेनॅकसारखी औषधं मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि लेप्टोत मूत्रपिंडच धोक्यात असतं. डेंगी निघाला तर रक्तस्रावाची भीती वाढते. तापाला पॅरासिटामॉल पुरे.

तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. आपल्याकडे सहसा होणारी आयजीएम तपासणी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं बघते, आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी दिलेलं रक्त ‘नाही’ म्हणू शकतं. म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, आणि ते बरोबर आहे. सुरुवातीला दिलेली साधी, स्वस्त प्रतिजैविकं या जंतूवर काम करतात. पुढे मूत्रपिंड किंवा फुप्फुस बिघडलं की मग शिरेतून औषधं, डायलिसिस, व्हेंटिलेटर.

काविळीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे माणसं हातची जातात. डोळे पिवळे झाले की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, “कावीळ आहे, झाडपाल्याचं औषध घे, पथ्य पाळ.” साध्या विषाणूच्या काविळीत बहुतेकांना आपोआप उतार पडतो, म्हणून त्या औषधाचं नाव झालेलं असतं. त्या काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो. ताप आहे, पोटऱ्या ठणकतायत, डोळे आधी लाल होते आणि आता पिवळे झालेत, तर तो लेप्टोचा गंभीर प्रकार असू शकतो आणि पथ्यपाण्यात घालवलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. “आधी रक्त दाखवून येऊ, मग तुमचं औषध घेऊ,” एवढं म्हणून गाडीत बसा.

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात जायची तयारी ठेवा: लघवी कमी झाली किंवा गडद झाली, धाप लागते, खोकल्यातून रक्त आलं, डोळे पिवळे, बोलण्यात गोंधळ, उलट्या थांबत नाहीत. गाडीसाठी १०८ला फोन करा. धाप लागलेल्या माणसाबाबत सकाळची वाट बघू नका. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला तर तो काही तासांत वाढतो.

औषध न टाकताच उंदीर मरत असतील तर

हा प्रश्न क्वचित येतो, पण उत्तर माहीत असलेलं बरं. विष टाकलेलं नसताना एका जागी पटापट उंदीर मरून पडू लागले तर त्यांना हात लावू नका, बिळं बुजवू नका, उरलेले मारायला जाऊ नका. लगेच आरोग्य केंद्राला कळवा. प्लेगची शंका अशीच येते. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचा प्लेग आणि त्यानंतर सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला होता. मेलेला उंदीर थंड पडला की त्याच्यावरच्या पिसवा नवं अंग शोधतात, म्हणून तिथे आधी पिसवांचा बंदोबस्त आणि मग उंदरांचा, हा क्रम आरोग्य खातं ठरवतं. प्लेगच्या जुन्या साथींत घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायला जायचे, त्यामागे हाच अनुभव होता.

कापणीनंतरचं काम

लेप्टोचं बोलणं ऑक्टोबरात संपतं आणि पुढच्या वर्षीचे उंदीर नोव्हेंबरात पोसले जातात. मळणी झाली की खळ्याच्या कडेला जमिनीवर पेंढ्याची उडवी रचली जाते, तिच्या पोटात सांडलेले दाणे असतात, वर ऊब, खाली बिळासाठी मऊ माती. शेत रिकामं झालेलं असल्याने बांधावरचे सगळे उंदीर तिथेच जमतात आणि तिथून घरात, गोठ्यात पसरतात. उडवी जमिनीपासून निदान अडीच-तीन फूट उंच माचीवर रचा आणि माचीच्या प्रत्येक खांबाला गुळगुळीत पत्रा गुंडाळा. शक्य असेल तर घरापासून आणि विहिरीपासून लांबची जागा धरा. पेंढा रचण्याआधी झोडून त्यातले दाणे नीट काढा, आणि माची रचून झाल्यावर एखादा बांबू किंवा शिडी तिला टेकवून ठेवू नका, उंदीर त्यावरूनच चढतो.

बांधही तेव्हाच बघून घ्या. रुंद, मोडके, गवताने भरलेले बांध म्हणजे बिळांना हवी तशी जागा. गवत कापून, बांध थोडे अरुंद आणि ठोकून पक्के केले तर मे महिन्यात बुजवायला बिळं कमी सापडतात. गोठ्याचं मूत्र आणि धुणवट विहिरीच्या किंवा मळ्याच्या दिशेने वाहत असेल तर चर खणून ते शोषखड्ड्यात वळवा. हे पाऊस पडायला लागल्यावर होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन खणता येते आणि माणसंही मोकळी असतात.